करेन ब्लिक्सेनबाईंचा कॉफीचा मळा : बखर आणि कागद

ग्रंथकाराच्या वास्तूचा इतिहास केवळ त्याच्याच ग्रंथावरून लिहूं नये, हें सूत्र तोंडानें सर्वांस मान्य असतें. व्यवहारांत तें क्वचितच पाळलें जातें. आफ्रिकेंतील केनिया देशांत, नैरोबीजवळ न्गाँग टेंकड्यांच्या पायथ्याशीं, डॅनिश लेखिका करेन ब्लिक्सेन (१८८५–१९६२) यांचा जो कॉफीचा मळा होता, त्याच्या बाबतींत असेंच झालें आहे. त्यांचें 'आउट ऑफ आफ्रिका' हें पुस्तक इ. स. १९३७ त इंग्रजी व डॅनिश या दोन्ही भाषांत प्रसिद्ध झालें, आणि तेव्हांपासून पुस्तक म्हणजेच मळ्याचा इतिहास असा समज रूढ झाला. पुस्तकाचे वाङ्मयीन गुण निर्विवाद आहेत. इतिहासाचें साधन म्हणून त्याची योग्यता किती, एवढाच प्रश्न येथें विचारासाठीं घेतला आहे.

आमच्या मतें हें पुस्तक एक बखर आहे. मळा हातचा गेल्यावर, डेन्मार्कांत बसून, स्मृतीच्या आधारें तें लिहिलें गेलें. त्यांत सालें विरळ आहेत, घटनांचा क्रम सैल आहे, आणि नायिकेच्या स्वतंत्र धनीपणास बाध आणणाऱ्या गोष्टी मागें पडल्या आहेत. १९१४ त मोंबासा येथें बाईंचा ब्रोर ब्लिक्सेन याच्याशीं विवाह झाला. मळ्याचा कारभार प्रथम त्याच्याच हातीं होता, तो १९२१ त बाईंकडे आला व १९२५ त घटस्फोट झाला. पुस्तकांत हा गृहस्थ जवळजवळ दिसतच नाहीं.

बखरीपुढें आतां कागद ठेवूं. बाईंनीं १९१४ ते १९३१ या काळांत घरीं लिहिलेलीं पत्रें फ्रान्स लासोन यांनीं संपादून १९७८ त डॅनिशमध्यें प्रसिद्ध केलीं. त्यांवरून दिसतें तें चित्र सरदारी वतनाचें नव्हे, तर कर्जबाजारी कंपनीचें आहे. मळा 'करेन कॉफी कंपनी'च्या मालकीचा. भांडवल मुख्यतः बाईंच्या माहेरच्या आप्तांचें. अध्यक्ष त्यांचे मामा ओगे वेस्टेनहोल्ट्स. बाई स्वतः कारभारी होत्या. ज्या उपनगरास आज 'करेन' म्हणतात, त्याचें नांव आपल्यावरूनच पडलें असें बाईंनीं पुढें लिहिलें. परंतु कंपनीचें नांव वेस्टेनहोल्ट्स यांच्या करेन नांवाच्या मुलीवरून ठेविलें होतें, असेंहि एक मत आहे.

तथापि बखर म्हणून पुस्तक टाकून देणें हाहि अविचार होईल. सहा हजार एकरांपैकीं कॉफीखालीं सहाशें, किकुयू कुळांकडे सुमारें एक हजार. समुद्रसपाटीपासून उंची सहा हजार फुटांहून अधिक, म्हणून जमीन कॉफीस फारशी सोयीची नाहीं : हा तपशील खुद्द पुस्तकांतच आहे. कुळांच्या दृष्टीनें आपणच त्यांच्या जमिनीवर वसलेलें एक मोठें कूळ असूं, अशीहि शंका बाईंनीं एके ठिकाणीं व्यक्त केली आहे.

पण या वाक्याचा अर्थ कायद्याचे कागद पाहिल्यावांचून पुरा उमगत नाहीं. १९१५ च्या जमीनविषयक कायद्यानें गोऱ्या वसाहतवाल्यांस ९९९ वर्षांच्या मुदतीचे पट्टे मिळूं लागले. १९१८ च्या कायद्यानें अशा मळ्यावर राहणाऱ्या आफ्रिकी कुळानें वर्षास किमान १८० दिवस धन्याकडे राबणें सक्तीचें ठरलें. पुस्तकांत धनी व कूळ यांच्यांतील जुन्या प्रेमळ संबंधासारखें जें भासतें, त्याच्या मुळाशीं हा हुकूम आहे. १९३१ त मळा विकला गेला, खरेदीदारानें तुकडे पाडण्याचें ठरविलें आणि कुळांस उठण्याची नोटीस मिळाली. त्यांस एकत्र राहतां यावें म्हणून बाईंनीं सरकारदरबारीं खटपट केली व डागोरेट्टी येथील जंगलांत जागा मिळविली. हें श्रेय त्यांचें आहेच; परंतु पिढीजाद भूमीवरून उठावें लागणाऱ्या लोकांस विनंतीवांचून दुसरा मार्ग कां उरला नव्हता, याचें उत्तर पुस्तकांत नाहीं, कायद्यांत आहे.

तिसरा साक्षीदार मळ्यावरचा आचारी कामांते. त्याच्या आठवणी व चित्रें पीटर बिअर्ड यांनीं १९७५ त प्रसिद्ध केलीं. तीहि परक्या हातून आलेलीं, म्हणून त्यांसहि तीच कसोटी लावली पाहिजे. न्गूगी वा थ्योंगो या किकुयू लेखकानें मूळ पुस्तकावर कडक टीका केली, तिचा रोख बाईंच्या दृष्टिकोनावर आहे. साधनांची छाननी हें निराळें काम आहे, व तें झाल्यावांचून टीका किंवा स्तुति दोन्हीं अपुरीं राहतात.

मळ्यावरचें घर १९१२ त ओके स्योग्रेन या स्वीडिश इंजिनीयरानें बांधलें. बाई तेथें १९१७ ते १९३१ राहिल्या. डॅनिश सरकारनें तें १९६४ त केनियास भेट दिलें, आणि १९८६ पासून तेथें संग्रहालय आहे. येणाऱ्या पाहुण्यास तेथें पुस्तकाचीच आठवण होते, हें स्वाभाविक आहे. परंतु घर हें वास्तु असलें तरी मळा ही जमीन होती, आणि जमिनीचा इतिहास पट्टा, नोटीस व हिशेबाची वही यांत असतो. सुंदर बखर हातीं असली म्हणजे रुक्ष कागद शोधण्याची निकड वाटत नाहीं. संग्राहकानें सावध राहावयाचें तें नेमकें अशाच वेळीं.