ग्लेन गूल्ड : मैफलत्याग आणि ध्वनिमुद्रणाचे सौंदर्यशास्त्र

कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड (१९३२–१९८२) यांनी १९६४ मध्ये मैफलीचे व्यासपीठ कायमचे सोडले. या निर्णयाकडे बहुधा विक्षिप्तपणा म्हणून पाहिले जाते. वस्तुतः ती कलाविषयक भूमिका होती. अनेक वादनांतून निवड करून स्टुडिओत रचना अधिक निर्दोषपणे साकारता येते, असे ते मानीत. बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ची त्यांची दोन्ही गाजलेली ध्वनिमुद्रणे स्टुडिओतीलच. १९५५ चे सुमारे ३८ मिनिटांचे असून त्यात मैफली गाजविणाऱ्या तरुणाचा आवेग जाणवतो. १९८१ चे सुमारे ५१ मिनिटांचे, काही पुनरावृत्तींसह, तीसही रूपांतरे एका लयसूत्रात बांधणारे आहे. श्रोत्यांसमोरील वादनातील जोखीम या भूमिकेत नाकारली जाते, हे खरे. मात्र दुसऱ्या ध्वनिमुद्रणातील चिंतनशीलता त्या त्यागाचे समर्थन करते, असे म्हणता येईल.