हवा तेवढाच ताण

कडीचा पाय काठीवर टेकवायचा, त्यावर दोऱ्याचे शंभर-सव्वाशे वेढे एकमेकांना चिकटून घ्यायचे आणि वरून एपॉक्सीचा पातळ हात द्यायचा. हाताने बांधलेल्या गळाच्या काठीवर, गळाची दोरी जिच्यातून जाते ती कडी धरून ठेवायला एवढंच असतं. खिळा नाही, स्क्रू नाही, डाख नाही. मासा लागला की त्याची ओढ या कड्यांमार्फत काठीवर येते, आणि कड्या उभ्या असतात त्या दोऱ्याच्या आणि त्यावरच्या एपॉक्सीच्या भरवशावर. या वेष्टनाचा रंग आणि चमक पाहणाऱ्याला लगेच आवडते, पण त्याचा मुख्य गुण डोळ्यांना सहज दिसत नाही. तो गुण म्हणजे ताण. वेढा घालताना दोरा किती ओढलेला होता आणि ती ओढ शेवटपर्यंत तेवढीच राहिली का, यावर वेष्टनाचं भलंबुरं ठरतं. म्हणूनच ताण देणारं टेबलावरचं छोटंसं साधन मला साऱ्या सामग्रीत सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकमध्ये या कामाची गोडी लागायला वेळ लागत नाही. लॉडन नदी या गावातच उगम पावते आणि ओल्ड बेसिंगवरून पुढे जात थेम्सला मिळते. पश्चिमेला थोड्याच अंतरावर, ओव्हर्टनजवळच्या ॲश इथे टेस्ट नदी सुरू होते. टेस्टचं पाणी खडूच्या खडकातून झिरपून येतं, त्यामुळे तळाचा गोटा न् गोटा दिसावा इतकं ते नितळ असतं. त्यातला ब्राउन ट्राउट काठावरची हालचाल लांबूनच ओळखतो. फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी तरंगत्या माशीने मासा गरवण्याची पद्धत याच नदीवर घासूनपुसून पक्की केली, आणि अशा माशा कशा बांधाव्यात यावरचं त्यांचं पुस्तक 1886 मध्ये आलं. पिसं आणि दोरा यांची ती माशी पाण्यावर अलगद उतरली तरच ट्राउट तिच्याकडे येतो. त्यासाठी काठीचा शेंडा हलका लागतो. शेंड्यावरची वेष्टनं जाडजूड झाली, त्यांवर एपॉक्सीचे फुगवटे आले, की शेंडा जड होतो आणि वाकून सरळ व्हायला उशीर लावतो.

बेसिंगस्टोकमध्येच 1856 मध्ये थॉमस बर्बेरी यांनी कापडाचं दुकान काढलं, 1879 मध्ये गॅबर्डीन तयार केलं आणि 1888 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तोवर पावसाळी कोट म्हणजे रबराचा थर दिलेलं, अंगातला घाम कोंडून ठेवणारं कापड असायचं. बर्बेरींनी विणण्याआधी सूतच पाणी न धरणारं करून घेतलं आणि ते अतिशय दाट विणलं. पाऊस बाहेर राहिला आणि घामाला वाट मिळाली. सूत दाट आणि एकसारखं बसलं की त्याच्यावर जाड लेप चढवावा लागत नाही, ही गोष्ट गॅबर्डीनने दाखवून दिली. काठीवरच्या उत्तम वेष्टनाचं सौंदर्यही तेच आहे. त्यातले वेढे इतके सारखे असतात की वर एपॉक्सीचा एकच पातळ थर पुरतो.

आता वेष्टन जवळून पाहू. काठी फेल्ट लावलेल्या दोन खाचांमध्ये आडवी ठेवलेली असते आणि ती हाताने सावकाश फिरवायची असते. सुरुवातीला दोऱ्याचं टोक काठीच्या लांबीवर आडवं ठेवून पहिले पाच-सहा वेढे त्याच्यावरूनच घेतात. टोक दाबलं जातं, उरलेलं कापून टाकतात. पुढे दोरा काठीवरून कडीच्या पायावर चढतो. हा चढ कानशीने घासून निमुळता केलेला असेल तर दोरा सहज वर जातो. तिथे पायरी राहिली असेल तर नेमकी त्याच जागी फट पडते. शेवटचे आठ-दहा वेढे उरले की दुसऱ्या दोऱ्याचा एक फासा त्यांच्याखाली घालतात, वेढे पूर्ण करून दोरा कापतात, टोक फाशात ओवतात आणि फासा ओढून ते टोक वेढ्यांच्या पोटात नेतात. संपूर्ण बांधणीत कुठेही गाठ नसते. सुरुवात वेढ्यांखाली, शेवटही वेढ्यांखाली, आणि मधला प्रत्येक वेढा शेजाऱ्याला टेकून जागा धरतो. एवढी मोठी जबाबदारी गाठीशिवाय पेलणारी रचना पाहिली की मन प्रसन्न होतं.

लहानपणी भोवऱ्याला जाळी गुंडाळलेल्या कोणालाही यातलं मर्म कळेल. एक वेढा सैल गेला की पुढचे त्याच्यावर चढतात आणि फेकताना सगळी जाळी घसरते. तिथे बोटांचा अंदाज पुरतो, कारण काम काही क्षणांचं असतं. एका काठीवर दहा-बारा कड्या, त्यांतल्या काही दोन पायांच्या, आणि प्रत्येक पायावर शंभरावर वेढे, एवढं काम बोटांच्या चिमटीत एकसारखं निभावणं फार कठीण आहे. बोट दमतं, घामेजतं, आणि ताण नकळत बदलतो.

हा बदल किती महागात पडतो, ते थोड्या हिशेबाने स्पष्ट होतं. ‘ए’ मापाचा दोरा साधारण 0.15 मिलिमीटर जाडीचा असतो. समजा आपण त्याला 100 ग्रॅम वजन टांगल्याइतका ताण दिला. काठीच्या 6 मिलिमीटर व्यासाच्या कार्बनच्या नळीवर असा प्रत्येक वेढा सुमारे 22 वातावरणांइतका दाब देतो. शेंड्याजवळ नळी 2 मिलिमीटरवर आली की तोच दोरा, त्याच ताणाला, तिप्पट दाब देतो, कारण त्रिज्या जितकी कमी तितका दाब जास्त. आणि शेंड्याकडेच कार्बनची नळी सर्वांत बारीक असते. मुठीजवळ शोभणारा ताण तसाच शेंड्यापर्यंत नेला तर कडीच्या पायाची कड कार्बनच्या तंतूंमध्ये रुतू शकते. असा घाव वरून दिसत नाही. मोठा मासा लागून काठी पुरती वाकते तेव्हा ती नेमकी पायाच्या टोकाशी मोडण्याची भीती असते. म्हणून ताणाचं साधन निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा: मला हवा तेव्हा, हवा तितकाच, अगदी थोडा ताण यात कमी करता येतो का?

सर्वांत जुनं आणि सर्वांत स्वस्त साधन म्हणजे जाडजूड पुस्तक. दोऱ्याचं रीळ मागे एका पेल्यात ठेवायचं म्हणजे ते घरंगळत नाही, दोरा पुस्तकाच्या पानांमधून काढायचा आणि काठीवर न्यायचा. ताण वाढवायचा तर दोरा आणखी खालच्या पानांत घालायचा किंवा वर दुसरं पुस्तक ठेवायचं. शब्दकोशाची पानं इथे हळुवार ब्रेकचं काम करतात आणि पहिली काठी बांधणाऱ्याने यानेच सुरुवात करायला काहीच हरकत नाही. पण काम मुठीकडून शेंड्याकडे सरकतं तसं पुस्तकही सरकवावं लागतं आणि दर वेळी दोरा नव्या जागी बसतो. मघाचा ताण पुन्हा तंतोतंत मिळवायची सोय पुस्तकात नाही.

दुसऱ्या प्रकारात रीळच एका दांड्यावर बसवतात आणि स्प्रिंगने त्याला दाबून धरतात. रचना सुटसुटीत आहे, पण तिच्यात एक अडचण आहे. ब्रेक तोच राहतो आणि रीळ मात्र रिकामं होत जातं. दोऱ्याच्या थराची त्रिज्या 20 मिलिमीटरवरून 10 वर आली की दोऱ्यावरचा ताण दुप्पट झालेला असतो. कडीच्या एका पायाला फार तर दोन-अडीच मीटर दोरा लागतो, त्यामुळे एका वेष्टनात हा फरक जाणवत नाही. भरलेल्या रिळावर लावलेला ब्रेक जवळजवळ संपलेल्या रिळाला तसाच चालवला, तर मात्र दोन काठ्यांची वेष्टनं वेगवेगळ्या हातांची वाटतात.

तिसरा प्रकार शिलाई मशीन वापरणाऱ्या प्रत्येक घराला ओळखीचा आहे. दोन फुगीर, गुळगुळीत पोलादी चकत्या, त्यांच्यावर स्प्रिंग आणि स्प्रिंग दाबणारा नट. जुन्या मशीनचा हा भाग काढून लाकडाच्या ठोकळ्यावर बसवणारे हौशी कारागीर बरेच आहेत. दोरा चकत्यांमधून जाताना त्याच्यावर ठरावीक घर्षण पडतं. रीळ भरलेलं आहे की संपत आलंय याच्याशी चकत्यांना देणंघेणं नसतं. नट पाव आटा सैल केला की ताण थोडाच उतरतो, आणि नटावर खूण केली असेल तर पुढच्या कडीला पुन्हा तोच ताण मिळतो.

चकत्यांचा आणखी एक गुण गणितात दिसतो. त्या मागून आलेल्या ताणात स्वतःचा ताण मिळवतात, म्हणजे बेरीज करतात. खुंटीभोवती दोरा गुंडाळून ताण वाढवला तर गुणाकार होतो. घर्षणाचा गुणांक 0.2 धरला, तर एका पूर्ण वेढ्याने ताण साडेतीन पट होतो आणि दोन वेढ्यांनी बारा पटींच्या वर जातो. मागे रीळ जरासं अडखळून 10 ग्रॅमचा हिसका बसला, तर चकत्यांपुढेही तो 10 ग्रॅमचाच राहतो. खुंटीला एक वेढा असेल तर काठीवर तो 35 ग्रॅमचा होऊन पोचतो आणि वेढ्यांच्या ओळीत एक घट्ट रेघ उमटते. शांत, एकसारखं वेष्टन हवं असेल तर बेरीज करणारं साधन घ्यावं.

काम मध्येच थांबवावं लागतं, तेव्हाही चकत्या दोरा तसाच धरून ठेवतात. चुकलेला वेढा सोडवायला काठी उलटी फिरवली की मात्र दोरा ढिला पडतो, कारण चकत्या दिलेला दोरा परत घेत नाहीत. शिलाई मशीनमध्ये या कामाला चकत्यांच्या जवळच एक बारीक तारेची स्प्रिंग असते. काठी बांधायच्या साधनातही अशी लवचीक भुजा असेल तर ती तेवढा ढिला दोरा ओढून घेते आणि दुरुस्ती निर्धास्तपणे करता येते.

कार्बनच्या आधीच्या काठ्या पाहिल्या की ताणाचं महत्त्व वेगळ्या अंगाने कळतं. बांबूच्या सहा तिकोनी पट्ट्या चिकटवून षट्कोनी काठी करायची पद्धत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. सुरुवातीला त्यासाठी आपल्याकडून, कलकत्त्याच्या बंदरातून गेलेला बांबू वापरला जाई. पुढे त्याची जागा चीनमधल्या टोंकिन बांबूने घेतली. तेव्हाचा सरस ओलाव्याने सुटायचा, म्हणून कड्यांच्या मधल्या जागेतही रेशमाची छोटी छोटी वेष्टनं थोड्या थोड्या अंतरावर घालत. ती शोभेची वाटतात, पण पट्ट्यांना एकत्र धरण्यात त्यांचा वाटा असे. षट्कोनावर दोरा सपाट बाजूंवर दाब देत नाही, सहा कोपऱ्यांवर देतो, कारण दोरा वळतो तो तिथेच. लंडनमध्ये 1795 मध्ये सुरू झालेल्या पीअरसॉल यांच्या पेढीचं रेशीम या कामासाठी नावाजलेलं होतं. बारीक रेशमाचा धागा व्हार्निश पिऊन जवळजवळ पारदर्शक होतो आणि खालचा बांबू दिसू लागतो. अशा वेष्टनात ताणाची चूक लपत नाही. एक सैल वेढाही तिथे डोळ्यांत भरतो.

वेष्टन पुरं झाल्यावर, एपॉक्सी लावण्यापूर्वी एक परीक्षा घेता येते आणि मला ती या साऱ्या कामातली सर्वांत सुंदर वेळ वाटते. काठी डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून सगळ्या कड्या एका रेषेत आहेत का पाहायचं. एखादी कलली असेल तर अंगठ्याने जोर देऊन सरळ करायची. ताण योग्य असेल तर कडी अंगठ्याचं ऐकते, केसभर सरकते आणि तिथेच थांबते. ती हलतच नसेल तर ताण जास्त झाला. सहज डुगडुगत असेल तर कमी पडला. मग वेढे गुळगुळीत दांड्याने हळूच घोटायचे, बारीक फटी मिटवायच्या आणि एपॉक्सीला पुढचं काम करू द्यायचं. कडी कायमची पक्की करायचं काम एपॉक्सीचं आहे. दोऱ्याने तिला योग्य जागी धरायचं आणि शेवटची दुरुस्ती करायची मुभा ठेवायची. अति ताण ही मुभाच काढून घेतो.

कोकणात खाडीकाठी गरी टाकून गरवायला बसणारे आणि मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनच्या काठाने काठी टाकणारे आपल्या काठीची कडी निसटली की घरीच दोरा घेऊन बसतात. त्यांनाही हे सगळं जसंच्या तसं लागू आहे. साधन विकत घेताना दोरा त्यातून आधी हळू आणि मग भराभर ओढून पाहावा. बोटाला हिसका लागता कामा नये. चकत्यांच्या कडेवरून नख फिरवावं; खरखर लागली तर दोऱ्याला तुसं सुटतील. बाजारात स्प्रिंगचा छोटा वजनकाटा मिळतो, त्याला दोरा अडकवून ओढला की ताण ग्रॅममध्ये कळतो आणि अंदाजाची गरज उरत नाही. मोटार, दिवे आणि झळकणारा ॲल्युमिनियमचा सांगाडा नंतर घेता येईल. आधी दोन गुळगुळीत चकत्या, एक मऊ स्प्रिंग आणि बारीक आट्यांचा नट घ्या, आणि शेंड्याकडे जाताना तो नट सैल करत चला.