फ्यूजनच्या मैफिलीत तानपुरा कुठे असतो?

गेल्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका मैदानावर फ्यूजनचा कार्यक्रम ऐकला. मंचावर बासरी, बेस गिटार, कीबोर्ड, ड्रम्स आणि कोपऱ्यात तानपुऱ्याची इलेक्ट्रॉनिक पेटी. बासरीवाल्याने यमनचा आलाप सुरू केला. निषादावर तो असा रेंगाळला की, आता षड्ज येणार म्हणून आम्ही श्वास धरून बसलो. तेवढ्यात ड्रम्स कोसळले. पुढचा तासभर तानपुरा कुणालाच ऐकू आला नाही. मग सवाल-जवाब झाला, तिहाई झाली, टाळ्या झाल्या. वाजवणारे सगळे तयारीचे होते, बेसूर कुणीच नव्हतं. तरी घरी येताना यमनमधलं काही सोबत आलं नाही.

आजच्या फ्यूजनचा साचाच हा आहे. चार मिनिटं आलाप, मग गिटारची एक ठसकेबाज धून, तिच्यावर सरगम, शेवटी तबला आणि ड्रम्सची झटापट. तिहाई म्हणजे तर टाळ्यांची हुकमी कळ. बऱ्याच ठिकाणी ड्रम वाजवणाऱ्याच्या कानात ठोक्यांचं यंत्र टिकटिकत असतं, कारण मागच्या पडद्यावरची चित्रं आणि आधी भरून ठेवलेले आवाज त्याच ठोक्याला बांधलेले असतात. गायकाला रंगात येऊन लय थोडी चढवावीशी वाटली तरी सोय नाही. मैफिलीत लय वाढते ती कुणी ठरवून नव्हे, समोरच्याची दाद ऐकून. ती वाटच इथे बंद.

हे असंच असायला हवं असं मात्र नाही. 1975च्या जुलैत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या एका कॉलेजात ‘शक्ती’ या वाद्यसंचाचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाला. त्या तबकडीवर तीनच रचना आहेत आणि त्यातली एक जवळपास अर्ध्या तासाची. जॉन मॅक्लॉफ्लिन तोवर ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’तल्या कानठळ्या बसवणाऱ्या विजेच्या गिटारसाठी ओळखले जात. इथे ते बिनविजेची गिटार घेऊन मांडी घालून बसले. शेजारी एल. शंकर यांचं व्हायोलिन, झाकीर हुसेन यांचा तबला, विक्कू विनायकराम यांचा घटम्. त्याआधी मॅक्लॉफ्लिन वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकले होते. त्यांच्यासाठी बनवलेल्या गिटारच्या पट्ट्यांमधलं लाकूड खोलगट तासलेलं होतं, तारेवर बोट दाबून मींड घेता यावी म्हणून. वर तरफेच्या तारा आडव्या बसवल्या होत्या. म्हणजे वाद्यानेच आधी आपला हट्ट सोडला होता. त्याआधी 1966 साली रविशंकर आणि व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन एकत्र आले तेव्हा मेन्युहिन यांच्यासमोर लिहिलेली रचना होती. आदर मोठा, पण पाहुण्यासारखा. ‘शक्ती’त पाहुणा कुणीच नव्हता.

तालाचंही तेच. उत्तरेकडच्या तबल्याला ठेका असतो, ठेक्याचे बोल ऐकले की आपण कुठे आहोत ते कळतं. कर्नाटक पद्धतीत ताल हातावर मोजला जातो, आणि मृदंग-घटम् त्याच्याभोवती मोकळे फिरतात. झाकीरभाईंनी दक्षिणेचं ते गणित मनापासून उचललं, म्हणून सवाल-जवाब हा दोन वादकांचा तमाशा न राहता दोन हिशेबांची भेट झाली. हे मुंबईत किंग्ज सर्कलच्या षण्मुखानंद सभागृहात बसून ऐकावं. पावणेतीन हजार माणसं, आणि त्यातले माटुंग्याचे मामा मांडीवर बोटं मोजत बसलेले. समेवर सगळ्यांची मान एकदम डोलते. मैदानातल्या कार्यक्रमात तसं होत नाही. तिथे माणसं सम शोधत नाहीत, धमाका शोधतात.

सुराचा प्रश्न याहून नाजूक. कीबोर्डचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा 14 सेंट चढा असतो. सेंट म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. ऐकायला किरकोळ, पण उत्तम जुळलेल्या तानपुऱ्यात तो नैसर्गिक गंधार आपोआप घुमत असतो. मग गायकाने तानपुऱ्याचं ऐकायचं की कीबोर्डचं? आपल्याकडे हा वाद पेटीवरून झालाच आहे. 1940 ते 1971 या काळात आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती, आणि तरी नाट्यगीतं ऑर्गन-पेटीवरच वाढली. तेव्हा परकं वाद्य म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. कीबोर्डवाल्याने गंधार येतो तिथे हात उचलला, एवढं पुरतं. चांगले लोक उचलतातही.

मराठी कानाला जवळचं उदाहरण तालवादक त्रिलोक गुर्टू यांचं. 1988च्या ‘उस्फ्रेत’मध्ये त्यांनी आई, ठुमरी गायिका शोभा गुर्टू यांना गायला बसवलं. ठुमरीने तालवाद्यांच्या गर्दीत आपली चाल सोडली नाही, आणि मुलानेही आईला ‘आधुनिक’ करण्याचा खटाटोप केला नाही.

आता बोलबाला आहे अभंग-रॉकचा. भजनी ठेका आठ मात्रांचा, त्यामुळे रॉकच्या चार-चारच्या चौकटीत तो अलगद बसतो. सोपं आहे म्हणूनच धोका आहे. ‘अभंग रिपोस्ट’सारखी मुंबईची मंडळी ऐकताना मला तरुणांची गर्दी पाहून बरं वाटतं. मात्र भजनात लय टप्प्याटप्प्याने चढते आणि टाळकरी ती एकमेकांकडे बघून चढवतात. पहिल्या मिनिटालाच कळस गाठला तर पुढे चढायला काय उरलं?

पुन्हा ‘शक्ती’कडे. त्यांच्या नंतरच्या संचातले मँडोलिनवादक यू. श्रीनिवास 2014 साली गेले. ‘शक्ती’ने 46 वर्षांनी, 2023 साली, स्टुडिओत केलेला ‘धिस मोमेंट’ काढला. त्यात शंकर महादेवन, विक्कूंचे चिरंजीव सेल्वगणेश आणि गणेश राजगोपालन होते. पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं, आणि 15 डिसेंबर 2024 रोजी झाकीरभाई गेले. ती जागा एका तबलजीने भरणारी नाही. दोन्हीकडचं गणित येणारा आणि दुसऱ्याचं वादन ऐकताना लहान मुलासारखा खूश होणारा माणूस होता तो.

आयोजकांना एक विनंती. पुढच्या वेळी पडदा नसला तरी चालेल, धूर नसला तर उत्तमच. फक्त खरा तानपुरा मंचाच्या मध्यावर बसवा आणि त्याला एक माइक द्या.