हॉब्सन-जॉब्सन : एका आक्रोशाचे नामांतर

परप्रांती नोकरी करता करता रचलेले ग्रंथ थोडे नाहीत. परंतु 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशाइतका रसाळ ग्रंथ त्यांत आम्हांस दुसरा आढळला नाही. हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बोलीत रुळलेल्या देशी शब्दांचा हा कोश 1886 साली लंडन येथे प्रसिद्ध झाला. कर्ते दोघे : बंगाल इंजिनियर्समधील हेन्री यूल आणि मद्रास मुलकी सेवेतील आर्थर बर्नेल. बर्नेल तंजावरास न्यायाधीश होते. तेथील राजवाड्यात मराठी राजांनी जतन केलेल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची त्यांनीच 1880 साली प्रसिद्ध केली. कोश छापून होण्यापूर्वी, 1882 साली, ते वारले.

कोशाची थोरवी निर्विवाद आहे. आम्हांस विचार करावयाचा आहे तो त्याच्या नावाचा.

'हॉब्सन-जॉब्सन' हा गोऱ्या शिपायांच्या तोंडचा शब्द. मोहरमच्या मिरवणुकीत ऊर बडवीत चाललेले लोक 'या हसन! या हुसेन!' असा टाहो फोडतात. इ. स. 680 मध्ये करबलेच्या रणात हुसेन मारले गेले. त्यांचा आणि त्यांच्याआधी निवर्तलेल्या वडील बंधूंचा हा शोक. युरोपीय प्रवाशांच्या कानी त्याचे 'हुसेन गोसेन', 'हॉसी गॉसी' असे काहीबाही झाले, आणि अखेरीस शिपायांनी त्याला अस्सल इंग्रजी आडनावांचा पोशाख चढविला. आता कोशातला अर्थ पाहावा : देशी लोकांचा उत्सवी गलबला, तमाशा, विशेषेकरून मोहरम. शोकाचा तमाशा झाला तो असा.

हे केवळ कानाच्या दोषाने घडले असे आम्हांस वाटत नाही. 'कागदबिगद' म्हटले की कागदाची किंमत उतरते, हे कचेरीत बसणाऱ्यास सांगावयास नको. जोडशब्दाच्या यमकात एक तुच्छता दडलेली असते. हसन आणि हुसेन ही दोन माणसांची नावे होती. 'हॉब्सन-जॉब्सन' हा नुसता खुळखुळा झाला.

यूल यांनी हे नाव का निवडले? देशी शब्द इंग्रजी वळणाचा कसा होतो याचा हा नमुना; शिवाय दोन नावांत दोन कर्त्यांचे सूचनही साधते. युक्ती चतुर आहे, आणि दिवंगत सहकाऱ्याचे स्मरण म्हणून हृद्यही आहे. तथापि एका मित्राच्या स्मरणासाठी दुसऱ्यांच्या शोकाचे विडंबन वापरले गेले, याची टोचणी प्रस्तावनेत कोठे जाणवत नाही. इतका साक्षेपी पंडित येथे शिपायाच्याच कानाने ऐकतो.

पुढे भाषाशास्त्राने या नावाचा नियमच केला. परका शब्द ओळखीच्या ध्वनींत बसवून घेणे म्हणजे 'हॉब्सन-जॉब्सनचा नियम'. स्पॅनिश 'कुकाराचा'चे इंग्रजीत 'कॉकरोच' झाले ते याच न्यायाने. 'रिक्रूट'चा 'रंगरूट' झाला तोही याच न्यायाने. येथे कोणाची कुचेष्टा नाही. नियम निर्दोष आहे. त्याच्या नावाचा इतिहास मात्र तसा नाही.

हे सर्व लिहिताना आम्हांस एक कबुली देणे प्राप्त आहे. बदलीवर चेन्नईस आलो तेव्हा शेजारच्यांच्या बोलण्यास आम्ही घरात सर्रास 'यंडुगुंडू' म्हणत असू. एके दिवशी शेजारी मृत्यू झाला. आतून बायकांचा विलाप ऐकू येऊ लागला. आमच्या धाकट्याने विचारले, "बाबा, ते यंडुगुंडूत रडताहेत का?" आम्हांस उत्तर सुचले नाही. त्या यमकास आमच्याच घरात आम्ही जागा दिली होती.

कोश आजही आमच्या मेजावर असतो. तो अवश्य वाचावा. मात्र मुखपृष्ठ उलटण्यापूर्वी ती दोन नावे एकदा मूळ स्वरूपात उच्चारावीत.