तह आणि दोन भाऊ

तहाने आयर्लंडचे क्रांतिकारक फुटले, असे आपण सर्रास म्हणतो. केन लोच यांचा 'द विंड दॅट शेक्स द बार्ली' (२००६) हा चित्रपट पाहिला की ते म्हणणे वरवरचे वाटू लागते. १९२१ च्या डिसेंबरात इंग्रजांशी तह झाला. इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ त्यात आली. थोरला टेडी तो स्वीकारतो, धाकटा डेमियन नाकारतो. परंतु फट पडते ती त्याआधीच, क्रांतिकारकांच्याच न्यायालयात. म्हाताऱ्या बाईला व्याजाने नाडणाऱ्या सावकाराला न्यायालय दोषी ठरवते आणि टेडी त्याला सोडवून नेतो. कारण बंदुकांना पैसा तोच पुरवतो! स्वातंत्र्य कुणासाठी, हा प्रश्न लढाईने झाकून ठेवला होता. तहाने झाकण काढले, इतकेच.

एक उणीव मात्र खुपते. दिग्दर्शकाचे मन डेमियनपाशी आहे. तह नाकारला तर इंग्रज पुन्हा युद्ध पुकारतील, ही टेडीची धास्ती खोटी नव्हती. आयरिश लोकसभेनेही ६४ विरुद्ध ५७ मतांनी तह मान्य केला होता. ती बाजू आणखी ऐकायला हवी होती. तरी शेवट विसरता येत नाही. भावाला गोळ्या घालण्याचा हुकूम टेडीच देतो, आणि त्याचे अखेरचे पत्र घेऊन त्याच्या प्रेयसीच्या दारीही तोच जातो. ती त्याला आपल्या जमिनीवरून चालता हो म्हणते.