नाकतोड्याचा घसारा

रिमोटवर चालणाऱ्या मोटारींचे दोन वर्ग आहेत. पहिली पोराच्या वाढदिवसाला आणतात आणि चौथ्या दिवशी माळ्यावर टाकतात. दुसरी पोराच्या नावाने आणतात आणि बाप चालवतो. या दुसरीला जाणकार 'हॉबी ग्रेड' म्हणतात. ती टिकते किती, हे लोक मला विचारतात. बँकेत घसाऱ्याची कलमे लिहिणाऱ्याला टिकाऊपणातले कळते, असा एक समज आहे.

मी 'ग्रासहॉपर'चे नाव सांगतो. ग्रासहॉपर म्हणजे नाकतोडा. जपानातल्या शिझुओकाच्या टामिया कंपनीने तो १९८४ साली काढला. आकार खऱ्या गाडीच्या एक दशांश, आणि खोक्यात नुसते सुटे भाग, जोडायचे आपण. अंगात बळ बेताचेच, ३८० जातीची मोटर. त्याच साली त्याच सांगाड्यावर 'हॉर्नेट' आली, दांडग्या ५४० मोटरची. ती पळते झकास. पण दोघांचीही मागची चाके एकाच ताठ गिअरपेटीला बांधलेली. एक चाक दगडावर चढले की दुसरेही भावकी पाळते, आणि खडबडीत जमिनीवर गाडी धावायचे सोडून टुणटुण उडते. आता नावच नाकतोडा, तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार? हॉर्नेट म्हणजे मात्र गांधीलमाशी. तिला ही सवलत देता येत नाही.

थोडक्यात, कामगिरीत पास क्लास. टिकण्यात मात्र फर्स्ट क्लास! सांगाडा म्हणजे प्लास्टिकचे घमेलेच, मोडण्यासारखे नाजूक त्यात फार थोडे. चाकांना प्लास्टिकच्या बुशा असतात, त्यात वाळू शिरते आणि त्या झिजतात. स्क्रू जोरात पिळले की प्लास्टिकमधले आटे जातात (आपल्याकडे स्क्रू पिळल्याशिवाय समाधान होत नाही, हा वेगळा विषय).

पुढे ब्रशलेस मोटर आणि लिथियम बॅटरी आली आणि सगळ्यांना वेगाचे वेड लागले. २०११ साली ट्रॅक्सस या अमेरिकन कंपनीने 'एक्सओ-१' आणली. कंपनी म्हणते, ताशी १०० मैलांच्या वर जाते. जात असेल. पण वेग दुप्पट झाला की आदळण्याचा जोर चौपट होतो. एवढे चक्रवाढ व्याज सावकारसुद्धा लावत नाही! शिवाय लिथियमचा 'मिनिमम बॅलन्स' कडक. एका सेलमधली शिल्लक ३ व्होल्टच्या खाली गेली की खातेच बिघडते. बॅटरी रुसल्यासारखी फुगून बसते.

तेव्हा माझे मत असे की, गाडी मोडते का हा प्रश्नच चुकीचा. मोडतेच. मोडलेल्या तुकड्याला नंबर आहे का आणि त्या नंबरावर तो तुकडा मिळतो का, हे विचारावे. आमच्या घरचा मिक्सर पाच वर्षांचा झाला, तर दुकानदार म्हणतो, "साहेब, पार्ट येत नाहीत, नवीनच घ्या." त्यावर अख्ख्या घराची चटणी अवलंबून! आणि ज्यावर कुणाचेच काही अवलंबून नाही, तो १९८४चा नाकतोडा कंपनीने २००५ साली पुन्हा बाजारात आणला, त्याच ताठ गिअरपेटीसकट.

घेणार असाल तर बॉल बेअरिंगचा संच बरोबरच घ्या आणि पहिल्या जोडणीतच बसवा. एकदा बंद केलेली गिअरपेटी पुन्हा उघडायला रविवार लागतो, आणि रविवारी घरात दुसरी कामे निघतात.