झाकलेली मोटार, झाकलेला माणूस

भ्रमणध्वनीवर अलीकडे एका विशिष्ट प्रकारची छायाचित्रे वरचेवर येऊन पोहोचतात. आमच्या धर्मग्रामातील ज्या कुटुंबांची मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत, त्यांच्याकडून ती अधिक येतात. चित्राचा थाट ठरलेला असतो. १९५५ किंवा १९५७ सालची दुरंगी शेव्हरोले, तिच्या निकेलवर ऊन चमकते आहे. बॉनेटला टेकून एक तरुण पिता उभा आहे, शेजारी घेरदार झग्यातली आई, पुढे दोन मुले, मागे हिरवळ आणि पांढरे घर. खाली कोणीतरी लिहिलेले असते, की तेव्हा जीवन साधे होते, कुटुंबे एकत्र होती आणि लोक देवाला भिऊन वागत. पंधरवड्यापूर्वी एका सद्गृहस्थांनी असे एक चित्र आम्हांस दाखवून विनंती केली, की कुटुंबदिनाच्या प्रवचनात याचा उल्लेख करावा. आम्ही होकार दिला नाही, नकारही दिला नाही. परंतु त्या चित्राने आमचा पिच्छा सोडला नाही, आणि आम्ही कपाटातून रॉबर्ट फ्रँक यांचे 'द अमेरिकन्स' हे पुस्तक पुन्हा काढून बसलो.

त्या पुस्तकाकडे वळण्यापूर्वी रंगीत चित्रांविषयी न्यायाने चार शब्द बोलले पाहिजेत, कारण ती खोटी नाहीत. चार्ल्स कुशमन नावाच्या एका हौशी गृहस्थांनी १९३८ ते १९६९ या काळात अमेरिकाभर फिरून चौदा हजारांहून अधिक रंगीत स्लाइड काढल्या. त्या आज इंडियाना विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. शिकागोच्या गल्ल्या, बाजार, दुकानांच्या पाट्या, रस्त्याकडेला उभ्या केलेल्या मोटारी हे सारे त्यांत इतके ताजे आहे की चित्र काल काढले असावे असे वाटते. हा ताजेपणा कोडॅक्रोम या फिल्मचा. तिच्यात रंगद्रव्ये आधीपासून नसत. ती धुलाईच्या वेळी रसायनांतून एकेक करून चढवली जात. म्हणून पेटीत, अंधारात जपून ठेवलेली कोडॅक्रोमची स्लाइड साठ-सत्तर वर्षांनीही विटत नाही. त्याच काळातल्या इतर कित्येक फिल्मांवरचे रंग गुलाबी पडून गेले.

या फिल्मचा दुसरा गुणधर्म मात्र फारसा कोणी ध्यानात घेत नाही. ती अतिशय मंद होती. तिला भरपूर ऊन लागे. खोलीतला उजेड, संध्याकाळ, खानावळीतला दिवा यांचे तिला वावडे. साहजिकच गृहस्थ आपला कॅमेरा काढीत तो रविवारी, सणाला, सहलीला, नवी मोटार दारात आली त्या दिवशी, आणि तोही माध्यान्हीच्या उन्हात. त्या अमेरिकेत सदैव सूर्य तळपत असलेला आपल्याला दिसतो, त्याचे एक कारण असे साध्या रसायनशास्त्रातले आहे. रात्रपाळीवरून परतणारा मजूर, आजाऱ्याची खोली, पतिपत्नींचे भांडण हे त्या फिल्मवर उमटलेच नाही. उमटवावे असे कोणाला वाटलेही नसेल. आपल्या घरच्या लग्नांच्या अल्बमांत तरी कर्ज फेडतानाचा बापाचा चेहरा कोठे असतो?

आणि ती मोटार! तिच्याविषयी लिहिताना आमच्यातल्या मुलाला आवर घालणे कठीण जाते. जनरल मोटर्सच्या आकृतिरचना विभागाचे प्रमुख हार्ली अर्ल यांच्या हाताखाली १९४८ सालच्या कॅडिलॅकला मागे दोन लहान पंख फुटले. ती कल्पना लॉकहीडच्या पी-३८ या लढाऊ विमानाच्या शेपटीवरून सुचलेली होती. ते पंख दरसाल वाढत गेले आणि १९५९ च्या कॅडिलॅकमध्ये कळसाला पोहोचले. त्या पंखांना वाहनशास्त्राच्या दृष्टीने काहीही काम नव्हते. त्यांचे काम एवढेच, की शेजाऱ्याची दोन वर्षांपूर्वीची गाडी जुनी दिसावी. मुंबईकरांना या गाड्या अगदीच परक्या नाहीत. शिवडीला जनरल मोटर्सच्या मोटारींची जुळणी १९२८ पासून होत असे, आणि स्वातंत्र्यानंतर कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात डॉज व प्लिमथ जोडल्या जात. आमच्या पिढीच्या वाट्याला पद्मिनी टॅक्सी आली. असो.

स्वित्झर्लंडमधील झुरिच शहरी १९२४ साली एका ज्यू कुटुंबात जन्मलेले रॉबर्ट फ्रँक १९४७ मध्ये अमेरिकेत आले. १९५५ मध्ये त्यांना गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली, पुढल्या वर्षी तिला मुदतवाढ मिळाली. एक जुनी फोर्ड घेऊन ते देशभर हिंडले. सातशेहून अधिक रोल त्यांनी वापरले. सत्तावीस हजारांवर चित्रे काढली आणि त्यांतून निवडली अवघी त्र्याऐंशी. पुस्तक प्रथम १९५८ साली पॅरिसमध्ये निघाले, १९५९ मध्ये अमेरिकेत. अमेरिकन आवृत्तीला जॅक केरुअक यांची प्रस्तावना आहे. छायाचित्रणाला वाहिलेल्या अमेरिकन नियतकालिकाने त्यावर बहुतांशी प्रतिकूल परीक्षणे छापली. चित्रे अस्पष्ट, दाणेदार, तिरकी. आणि लेखक देशद्वेष्टा, असा एकंदर सूर होता. फ्रँक २०१९ मध्ये वारले, तोवर हेच पुस्तक विसाव्या शतकातील छायाचित्रणाचा एक आधारग्रंथ मानले जाऊ लागले होते.

सारी चित्रे कृष्णधवल आहेत. कोडॅक्रोमला जे दिसत नव्हते ते येथे दिसते: पेयगृहातला अर्धा अंधार, रात्रीची लिफ्ट, पहाटेचा रस्ता. आणि मोटार तर पानोपानी आहे. पण ती घरासमोर मिरवीत उभी नाही. दक्षिण कॅरोलिनातील सेंट हेलेना येथे एका अंत्यविधीच्या वेळी कृष्णवर्णीय पुरुष तिला टेकून उभे आहेत. त्यांच्या मुद्रांवर दुःखापेक्षा थांबून राहण्याचा थकवा अधिक आहे. डेट्रॉइटच्या कारखान्यात तिची जुळणी होते आहे आणि माणसे यंत्रांच्या गर्दीत पुसट झाली आहेत.

पुस्तकाचे मर्म मात्र दोन चित्रांच्या शेजारात आहे. पहिले कॅलिफोर्नियातील लाँग बीचचे: दोन ताडांच्या मधोमध एक मोटार उभी आहे, तिच्यावर चमकदार कापडाची खोळ घातलेली. धूळ लागू नये, ऊन लागू नये, म्हणून केवढी ती काळजी! पान उलटावे तो अॅरिझोनातील महामार्ग सहासष्टची कडा. बर्फाचे कण उडताहेत, चार माणसे निमूट उभी आहेत, आणि त्यांच्या पायांशी घोंगडीखाली अपघातात गेलेल्याचा देह. एक खोळ मोटारीवर, दुसरी माणसावर. फ्रँक खाली टीपटिप्पणी करीत नाहीत. स्थळाचे नाव देतात आणि थांबतात. त्या दशकात अमेरिकेच्या रस्त्यांवर दरसाल तीस हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडत होती. नव्या मोटारींना सुरक्षापट्टे सक्तीचे झाले ते १९६८ साली. पंख मात्र वीस वर्षे आधी आले होते. पुस्तकात पुढे आयडाहोमधील अपघातस्थळी उभारलेले तीन क्रूस येतात, त्यांवर ढगांतून प्रकाशाचा झोत पडलेला. गोलगोथाची आठवण होऊ नये असा ख्रिस्ती वाचक विरळा. तरीही चित्र पाहताना सांत्वन होते असे आम्ही म्हणणार नाही.

धर्मचिन्हांविषयी फ्रँक यांच्यावर एक आक्षेप घेतला जातो, की ते त्यांची थट्टा करतात. सांता फे येथील चित्रात ओसाड माळावर पेट्रोलचे पंप ओळीने उभे आहेत, एखाद्या प्रार्थनासभेसारखे, आणि वर फलकावर शब्द आहे 'सेव्ह'. पैसे वाचवा असा त्याचा अर्थ, आणि तारण करा असाही. हा विनोद आम्हांस थोडा स्वस्त वाटतो. लॉस एंजेलिसच्या चित्रातला पुतळा, ज्याला फ्रँक यांनी संत फ्रान्सिस म्हटले आहे, क्रूस उंचावून पेट्रोल पंपाच्या दिशेने उभा आहे. तेथेही बोट दाखवणे जरा ठळकच झाले. परंतु बॅटन रूजजवळ मिसिसिपी नदीच्या काठी पांढरा झगा घातलेला एक कृष्णवर्णीय गृहस्थ हाती क्रूस घेऊन गुडघे टेकून बसला आहे, ते चित्र पाहावे. तेथे थट्टा नाही. छायाचित्रकार लांब उभा राहिला आहे, जसे प्रार्थना करणाऱ्यापासून उभे राहावे तसे.

आमचा आक्षेप निराळा आहे. या पुस्तकात घरे जवळजवळ नाहीत. रस्ता आहे, उपाहारगृह आहे, उद्यान आहे, पण जेवणाचे टेबल नाही. त्र्याऐंशी चित्रांत माणसे छायाचित्रकाराकडे आपुलकीने पाहतात अशी चित्रे बोटांवर मोजण्याजोगी. शेव्हरोलेला टेकलेल्या त्या पित्याला ठाऊक असते की कॅमेऱ्यामागे आपले माणूस आहे. ही ओळख फ्रँक यांना मिळाली नाही, आणि पुष्कळदा त्यांनी ती मागितलीही नाही. अर्थात वाटसरूला घरात कोण घेणार? १९५५ च्या नोव्हेंबरात आर्कान्सामधील मॅकगेही गावी पोलिसांनी त्यांना अडवून कित्येक तास कोठडीत ठेवले. परकी बोली, पुष्कळसे कॅमेरे आणि मुलांची विदेशी नावे एवढ्यावरून संशय आला होता.

त्याच महिन्यात न्यू ऑर्लीन्समध्ये त्यांनी ट्रामचे ते प्रसिद्ध चित्र काढले. खिडक्यांची एक रांग. पुढे गोऱ्या स्त्रीचा कठोर चेहरा. मग दोन गोरी मुले, नीटनेटक्या पोशाखात. मागे एक कृष्णवर्णीय कामकरी पुरुष, खिडकीवर हात टेकून सरळ आपल्याकडे पाहणारा. सर्वांत शेवटी एक कृष्णवर्णीय स्त्री. खिडक्यांमधल्या पट्ट्या जणू गजच. काही आठवड्यांनी, १ डिसेंबर १९५५ रोजी, माँटगोमेरी येथे रोझा पार्क्स यांनी बसमधली आपली जागा सोडण्यास नकार दिला.

तो साध्या जीवनाचा काळ असा होता. ज्या घरासमोर शेव्हरोले उभी असे, त्या घरांच्या वसाहतींची कथाही याला जोडून आहे. न्यूयॉर्कनजीकच्या लेव्हिटाउनमध्ये १९४७ ते १९५१ या काळात सतरा हजारांवर घरे उभी राहिली. आरंभीच्या करारांत गोऱ्यांखेरीज इतरांनी तेथे राहू नये, अपवाद फक्त घरकामाच्या नोकरांचा, असे कलम होते. कृष्णवर्णीय कुटुंब मोटार विकत घेऊ शकले तरी वाटेत कोठे झोपावे, कोठे जेवावे हा प्रश्न होताच. त्यासाठी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ पासून एक मार्गदर्शिका छापली. तीत कोणते निवास, कोणती खानावळ, कोणता गॅरेजवाला दार उघडेल याची यादी असे. तीस वर्षे ती निघत राहिली.

येथे रंगाला दोष देऊन मोकळे होण्याचा मोह होतो. त्यापासून आम्हांस गॉर्डन पार्क्स यांनी वाचवले. 'लाइफ' साप्ताहिकाचे ते पहिले कृष्णवर्णीय छायाचित्रकार. १९५६ साली अलाबामात एका विस्तारित कुटुंबासमवेत राहून त्यांनी रंगीत चित्रे काढली. ती त्या वर्षीच्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाली. मोबील शहरातील दुकानाबाहेर एक तरुण स्त्री आणि एक छोटी मुलगी उभ्या आहेत. दोघींचे झगे असे सुंदर की रविवारच्या मिस्सेला निघाल्या असाव्यात असे वाटते. वर दिव्यांच्या अक्षरांत कृष्णवर्णीयांसाठीच्या दाराची पाटी झळकते. ऊन तेच आहे, रंग तेच आहेत, झग्याचा घेरही तोच. पार्क्स घरात गेले, आजीआजोबांना सोफ्यावर बसवून त्यांचे चित्र काढले. फ्रँक यांना जे साधले नाही ते त्यांना साधले. पण त्याची किंमत त्यांनी दिली नाही. अंक निघाल्यावर त्या कुटुंबातील शिक्षिकेची नोकरी गेली आणि त्या कुटुंबाला आपले गाव सोडावे लागले. पार्क्स २००६ मध्ये निवर्तले; त्यानंतर काही वर्षांनी, २०१२ साली, एका पेटीत गुंडाळून ठेवलेल्या मूळ रंगीत स्लाइड सापडल्या, म्हणून आज आपण ही चित्रे पाहू शकतो.

आमच्या मते ही तिन्ही दालने एकत्र उघडल्यावाचून त्या काळाचे छायाचित्र पुरे होत नाही. आणि एकच निवडायचे झाले तर आम्ही पार्क्स निवडू. फ्रँक यांची दृष्टी अधिक थोर आहे हे मान्य करूनही. फ्रँक यांनी एका देशाचा एकाकीपणा पाहिला, पार्क्स यांनी त्या देशाने बाहेर ठेवलेली माणसे घरात बसलेली पाहिली. सद्गृहस्थांनी आणलेल्या चित्रातील पित्याविषयी आमच्या मनात किल्मिष नाही. त्याने हप्त्याहप्त्याने ती गाडी घेतली असेल. पण चित्राखालचे ते वाक्य प्रवचनात वाचणे आमच्याने होणार नाही, आणि तसे आम्ही त्यांना कळवले आहे. त्याऐवजी हे पुस्तक घरी न्यावे असे सुचवले. ते घेऊन गेले आहेत.

परत आणतील तेव्हा शेवटचे पान त्यांनी पाहिले का हे विचारण्याची इच्छा आहे. टेक्सासमधील डेल रिओच्या वाटेवर, नव्वद क्रमांकाच्या महामार्गाकडेला, फ्रँक यांची ती जुनी फोर्ड उभी आहे. अर्धीच दिसते, एक दिवा पेटलेला. आत त्यांची पत्नी, अंगावर मूल घेऊन पेंगलेली, कॅमेऱ्याकडे पाहते आहे. त्र्याऐंशी चित्रांत घरचे म्हणावे असे हे एकच.